जवारी कापसाचे बी फुलात नाही, जिनात बिघडते

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शेतीच्या पानावर आणि वाचकांच्या पत्रांतही 'जवारी (म्हणजे गावरान) कापूस परत आणा' ही मागणी हल्ली वरचेवर वाचायला मिळते. मागणी रास्तच आहे. पण तिच्या जोडीने एक भीतीही छापून येते, आणि ती चुकीच्या जागी आहे. बांधापलीकडच्या बीटी कापसाचा (बोंडअळीला मारणारे जनुक घातलेल्या वाणाचा) पराग येतो आणि आपल्या जवारीचे बी नासवतो, असे सौंदत्ती-बैलहोंगलपासून अथणीपर्यंत सर्रास बोलले जाते. त्या भीतीपायी काही जणांनी जवारी पेरणेच सोडले. ज्या ठिकाणी बी खरोखर बिघडते, तिकडे मात्र कुणाचे लक्ष नाही. म्हणून हे लांबलेले पत्र.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. जवारी कोंबडी, जवारी मिरची म्हटले की आपल्याकडे कुणाला काही विचारावे लागत नाही. कापसाला हा एक शब्द पुरत नाही. बेळगाव-धारवाडच्या काळ्या रानातला जुना जवारी म्हणजे हर्बेशियम जातीचा कापूस. पूर्वी तो कुमठा बंदरातून बाहेर जाई म्हणून व्यापारात 'कुमठा' म्हणून ओळखला गेला; त्याच घराण्यात मर रोगाला तोंड देणारा 'जयवंत' आला आणि आजही तग धरून असलेला 'जयधर'ही त्याच घराण्यातला. विदर्भ-मराठवाड्यात 'देशी' म्हणतात तो बहुतेक वेळा अर्बोरियम, म्हणजे जातच वेगळी. आणि जुना म्हणून 'लक्ष्मी'लाही काही जण जवारी म्हणतात. तो तर हिर्सुटम, सरळ अमेरिकन. तिघांना एकच नाव दिले की कोणता कोणाशेजारी पेरावा, याचा हिशेबच बिघडतो.

माणसाने कापूस एकदा नाही, चारदा माणसाळवला, आणि चारही वेळा निरनिराळ्या जातीपासून. हर्बेशियमचा रानटी भाऊबंद आजही दक्षिण आफ्रिकेत उगवतो. अर्बोरियम आपल्या उपखंडात फार जुना. त्याचा खात्रीचा रानटी पूर्वज मात्र सापडलेला नाही. हिर्सुटमचे माहेर मेक्सिकोचे युकाटान, तर चौथ्या जातीचे, बार्बाडेन्सचे, पेरू-इक्वाडोरचा किनारा. बलुचिस्तानातल्या मेहेरगढला तांब्याच्या मण्यात अडकून राहिलेले सुताचे धागे इसवी सनापूर्वीच्या सहाव्या सहस्रकातले आहेत. पेरूच्या किनाऱ्यावर निळीने रंगवलेले सुमारे ६,००० वर्षांपूर्वीचे सुती कापड मिळाले आहे. एकमेकांची गंधवार्ताही नसलेल्या लोकांनी दोन खंडांत एकाच कुळातल्या झाडाला एकच काम शिकवले. चारही जातींची लागवड करणारा देश एकटा भारत, आणि आपला उत्तर कर्नाटक त्यातला मोलाचा कोपरा.

आता गुणसूत्रे. हर्बेशियम आणि अर्बोरियम यांच्या पेशीत २६ गुणसूत्रे असतात, हिर्सुटम आणि बार्बाडेन्स यांच्यात ५२. दुप्पट का, याची गोष्ट विलक्षण आहे. दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी, म्हणजे शेती करणारा माणूस जन्माला येण्याच्या कितीतरी आधी, आफ्रिकेकडचा एक कापूस अमेरिकेत पोचला. कापसाचे बी खाऱ्या पाण्यात बराच काळ जिवंत राहू शकते, त्यामुळे ते समुद्रावरून वाहत गेले असावे असे मानतात. तिथे पेरूच्या रायमोंडीशी नाते सांगणाऱ्या स्थानिक रानकापसाशी त्याचा संकर झाला आणि दोघांचे पूर्ण संच एकाच पेशीत नांदू लागले. २६ आणि २६ मिळून ५२. आफ्रिकेकडून आलेल्या संचाला 'ए' म्हणतात, अमेरिकेतल्या संचाला 'डी'. सूत कातता येईल असा धागा फक्त 'ए' घराण्याला येतो. 'डी' घराण्याच्या रानकापसाच्या सरकीवर नुसती लव असते. तरीही अमेरिकन कापसात धाग्याची लांबी आणि ताकद ठरवणारी बरीच जनुके या बिनरुईच्या 'डी' संचात सापडतात. ज्याच्या घरी चरखा नव्हता, त्यानेच सूत बारीक करून दिले, असे म्हणायला हरकत नाही. रायमोंडीची जनुकीय संहिता २०१२ मध्ये वाचून झाली, अर्बोरियमची २०१४ मध्ये, हिर्सुटमची २०१५ मध्ये.

शेतकऱ्याच्या बांधावर याचा अर्थ काय? बीटी कापूस प्रामुख्याने हिर्सुटम आहे, त्याच्या परागात निम्मी, म्हणजे २६ गुणसूत्रे. जयधरच्या बीजांडात १३. मधमाशीने पराग आणून टाकला तरी जोड जमत नाही. बीजातले अन्न नीट तयार होत नाही आणि बोंड बहुधा धरण्याआधीच गळते. लाखात एखादे बी तयार होऊन उगवलेच, तर ३९ गुणसूत्रांचे झाड येते. ३९चे दोन सारखे वाटे पडत नाहीत, म्हणून ते वांझ राहते. झाड हिरवेगार दिसेल, पण त्याची सरकी पुढच्या पेरणीत यायची नाही. म्हणजे बीटीचे रान आणि जयधरचे रान यांच्यात निसर्गानेच पक्के कुंपण घातलेले आहे.

कुंपण नाही ते इतरत्र. पहिला धोका सीमेपलीकडून हौसेने आणलेल्या 'देशी' बियाण्याचा. अकोला-परभणीकडचा अर्बोरियम आपल्या हर्बेशियमशेजारी पेरला तर दोघांची १३-१३ सहज जुळतात आणि संकरित झाड जोमदार, फळणारे येते. फसगत इथेच होते. या दोन जातींपैकी एकीत दोन गुणसूत्रांचे तुकडे फार पूर्वी आपसात अदलाबदल झालेले आहेत. त्यामुळे पुढच्या पिढीत कमजोर, अर्धवांझ, उशिरा फुलणारी झाडे निघतात आणि दोन्ही घराण्यांचे चांगले गुण विस्कटून जातात. एक वर्ष पीक छान आले म्हणून त्याचे बी राखणारा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पस्तावतो आणि दोष पावसाला देतो.

दुसरा धोका संकरित कापसाचे बी राखण्याचा. धारवाडच्या संशोधन केंद्रात डॉ. बी. एच. कटारकी यांनी हिर्सुटमच्या 'लक्ष्मी'चा बार्बाडेन्सशी संकर करून १९७२ मध्ये 'वरलक्ष्मी' दिली. दोन जातींमधला हा पहिला व्यापारी संकरित कापूस. १९८१ मध्ये त्याच वाटेने 'डीसीएच ३२' आला. ३४ मि.मी.च्या पुढचा धागा आपल्या भागात पिकू लागला तो या दोघांमुळे, आणि धारवाडच्या या कामाची मराठी पानांत जेवढी नोंद व्हायला हवी तेवढी झालेली नाही. पण त्यांचे बी घरी राखू नये. दुसऱ्या पिढीत काही झाडे कमरेएवढी तर काही डोक्यावरून, काही पौषातही न फुटणारी, आणि एकाच वेचणीत आखूड-लांब धाग्याची भेळ. गिरणीत अशा गाठीचे सूत तुटते आणि भाव पडतो. बीटी संकराचे बी राखण्यात आणखी एक खोट आहे. दोन बीटी जनुके असलेल्या संकरित झाडात प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते. त्यामुळे त्याच झाडाच्या बोंडात साधारण १६ पैकी ९ सरक्यांत दोन्ही जनुके, ६ सरक्यांत एकच, आणि एका सरकीत एकही नाही. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरून सरकीच खाते. तिला विषारी आणि बिनविषारी सरकी शेजारी-शेजारी मिळाली की प्रतिकार कमवायला चांगली शाळाच मिळते. हे संकरित पिकातच घडते, बी राखले नाही तरी घडते. राखून पेरले तर जास्त.

तिसरा धोका, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा, जिनचा. शेतात वर्षभर सांभाळलेला कापूस एका दुपारी जिनमध्ये, म्हणजे रुईपासून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रात जातो. त्या यंत्राच्या फटींत, रुळामागे, खालच्या हौदात आदल्या शेतकऱ्याच्या सरक्या पडून असतात. आपल्या पोत्यात बाहेर येतात त्या दोघांच्या. हे दुखणे नवे नाही. एकोणिसाव्या शतकात धारवाड भागात अमेरिकन कापूस आला, त्याला करवतीच्या दात्यांचे जिन लागले, आणि कुमठा कापूस त्यात मिसळून 'धारवाड-अमेरिकन' म्हणून विकण्याचा धंदा सुरू झाला. अशा भेसळीला आळा घालायला मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापूस भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला. १९२३ मध्ये हलक्या कापसाची चांगल्या कापसाच्या पट्ट्यात आयात रोखणारा कायदाही आला. दीडशे वर्षांपूर्वी कायदे करणाऱ्यांना जे कळले होते, ते आज आपण परागाच्या चर्चेत विसरलो आहोत.

म्हणून बियाण्याचा कापूस शक्यतो सरकी काढायच्या हातचरक्यावरच काढावा. जिनला न्यायचाच असेल तर मोसमात सगळ्यात आधी किंवा यंत्र पूर्ण झाडून घेतल्यावर न्यावा. रूळ आणि पाते यांच्यामधली फट ब्रशने, हौद झाडूने साफ करून घ्यावा आणि आपल्याच कापसाची पहिली वीस-पंचवीस किलोंची सरकी बियाण्यात न धरता जनावरांना घालावी. रूळ फार आवळलेला असेल तर सरकी तडकते. वरून दिसत नाही, पण उगवण निम्म्यावर येते. मूठभर सरकी उन्हात धरून साल चिरली आहे का ते तिथेच पाहावे.

शेतातली राखण त्याहून सोपी आहे. कापसाच्या फुलात स्वतःचाच पराग बहुतेक काम करतो, पण मधमाश्या फार असल्या तर शंभरात दहा-वीस बिया दुसऱ्याच्या परागाच्याही निघतात. जयधरभोवती दुसरा कोणताही हर्बेशियम किंवा अर्बोरियम नसेल असे ५० मीटर अंतर ठेवावे. पायाभूत बियाण्याचा सरकारी निकष हाच आहे, प्रमाणित बियाण्याला ३० मीटर. तेवढी जागा नसेल तर कळीचे तोंड बांधावे. उद्या फुलणारी कळी आज दुपारनंतर ओळखू येते: पाकळ्यांचा शेंडा हिरव्या पानांबाहेर आलेला, रंग फिकट पिवळा, घडी अजून मिटलेली. त्या शेंड्याला सुती दोऱ्याचा एक वेढा आणि त्याच दोऱ्याचे दुसरे टोक देठाला. उद्या फूल उघडत नाही, आतल्या आत फळते. परवा पाकळ्या गळतात, पण देठावरचा दोरा राहतो. वेचणीच्या वेळी दोरा दिसला की बोंड आपल्या वेगळ्या पिशवीत. नायलॉनचा दोरा नको, देठ कापतो.

किती बांधाव्यात? दहा-बारा झाडांच्या बियांवर वाण टिकत नाही. त्यातले काही गुण केवळ निवडीच्या योगायोगाने गळून जातात. दीडशे झाडे निवडून प्रत्येकी तीन कळ्या बांधल्या तर साडेचारशे होतात. निम्मी बोंडे गळतील असे धरा. उरलेल्या सव्वादोनशे बोंडांत प्रत्येकी सतरा-अठरा सरक्या, म्हणजे सुमारे ४,०००. जयधरची सरकी बारीक असल्याने हे वजन पाव किलोच्या आतच भरते. दोन फूट बाय एक फुटावर दोन-दोन बिया टोकल्या तर साडेतीन गुंठे रान होते आणि पुढच्या वर्षीचे घरचे बियाणे त्यातून निघते.

झाडे निवडताना नुसता बोंडांचा आकडा पाहू नये. रानटी कापूस बारमाही झुडूप असतो, दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही, त्याच्या सरकीची साल इतकी कठीण की पाणी आत जात नाही, आणि धागा आखूड, मळकट तपकिरी. माणसाने या एकेका गोष्टीला वळण लावले. त्यातल्या काही गोष्टी एक-दोन जनुकांवर चालतात. तपकिरी रुई पांढरीवर वरचढ ठरते, म्हणून खाकी रुईचे झाड रानात लगेच उठून दिसते आणि उपटता येते. सरकीवरची बारीक लव असणे-नसणे हेही असेच मोजक्या जनुकांचे काम. पण धाग्याची लांबी अनेक जनुकांच्या छोट्या-छोट्या वाट्यांवर ठरते; ती डोळ्यांना चटकन दिसत नाही आणि दुर्लक्ष झाले की वर्षागणिक आखडत जाते. तिच्यासाठी मोजावेच लागते. निवडलेल्या प्रत्येक झाडाच्या मधल्या उंचीवरच्या बोंडातून पाच सरक्या घ्याव्यात, रुई न काढता दोन्ही बाजूंना बारीक फणीने विंचरून काळ्या कापडावर पसराव्यात आणि पट्टीने सरकीपासून टोकापर्यंत मोजावे. जयधरची रुई साधारण २० ते २२ मि.मी. भरते, १८च्या खाली येणारी झाडे बियाण्यातून वगळावीत.

मोजताना एक ध्यानात घ्यावे. कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी. फूल उमलते त्याच दिवशी सालीतल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या पेशी वर उठू लागतात आणि सुमारे तीन आठवडे लांबत राहतात. रानटी कापसात ही वाढ लवकर थांबते. माणसाळवण्यात मुख्यतः तिची मुदत लांबली. त्यानंतरचे दिवस भिंत जाड करण्याचे. म्हणून फूल लागल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत रानातली ओल तुटली तर धागा आखूड राहतो, नंतर तुटली तर लांबी मिळते पण धागा पोकळ, कच्चा. भाद्रपदात पेरलेला जयधर जमिनीतल्या ओलीवरच निघतो, तेव्हा रानाच्या उताराकडची आणि बांधाकडची झाडे मोजून एकमेकांशी ताडू नयेत. शेजारच्या झाडाशीच तुलना करावी, नाहीतर चांगल्या जनुकाऐवजी चांगली ओल निवडली जाते.

भेसळीची झाडे उपटायची तर ओळख पटली पाहिजे. कळीभोवतीची तीन हिरवी पाने पाहावीत, तिथेच जात कळते. हर्बेशियमची ही पाने लांबीपेक्षा रुंद, कडेला सहा-आठ आखूड दाते, आणि बोंड मोठे होताना बाहेर फाकतात. पान अर्ध्याच्या आत चिरलेले, खंड रुंद, बोंड लहान, गोल, गुळगुळीत. अर्बोरियमची पाने त्रिकोणी, लांबट, दाते जवळपास नाहीत आणि बोंडाला चिकटून बसतात. झाडाचे पान खोल चिरलेले, खंड अरुंद, बोंड टोकदार. हिर्सुटमच्या या पानांचे दाते लांब सुळ्यांसारखे, फूल फिकट दुधी आणि बहुधा बिनठिपक्याचे. बार्बाडेन्सचे फूल गडद पिवळे, तळाशी लाल ठिपका, बोंडावर खोलगट खड्डे, आणि काळी सरकी बरेचदा उघडी, टोकाला तेवढा लवेचा झुपका. पहिली फेरी फुलण्याआधी, दुसरी फुलात, तिसरी बोंडे भरल्यावर. हजार झाडांत दोनपेक्षा जास्त परकी झाडे राहिली तर ते बियाणे प्रमाणित निकषात बसत नाही.

बियाण्यासाठी दुसऱ्या-तिसऱ्या वेचणीचा कापूस घ्यावा, दव उडाल्यावर. तीन-चार उन्हे दिल्यावर सरकी दाताखाली 'कट्' आवाजाने फुटली पाहिजे. चेपली तर ओल आहे. कुरीने पेरायची असेल तर शेण, माती आणि राखेच्या काल्यात चोळून लव बसवावी, हे जुने काम उत्तम चालते. आम्लाने लव काढायची तर प्लॅस्टिकच्या बादलीत एक किलो सरकीवर १०० मि.ली. व्यापारी गंधकाम्ल, लाकडी काठीने दोन-तीन मिनिटे ढवळणे, कॉफीसारखा रंग येताच सगळे भरपूर पाण्यात ओतून चार-पाच वेळा धुणे, एकदा चुन्याच्या निवळीत, तरंगलेली सरकी फेकून बाकीची सावलीत सुकवणे. थोडे पाणी आम्लावर ओतू नये, उकळून अंगावर येते. पाच मिनिटे झाली तर कोंबही जळतो.

संपादक महोदय, आपल्याकडे दोन मागण्या आहेत. बियाण्याच्या पिशवीवर वाणाचे नाव ठळक असते, जातीचे नसते. आणि मजकूर कन्नड-इंग्रजीत असल्याने निपाणी, चिकोडी, खानापूर भागातला मराठी वाचणारा शेतकरी दुकानदाराच्या शब्दावर जातो. प्रत्येक पिशवीवर हर्बेशियम, अर्बोरियम, हिर्सुटम की बार्बाडेन्स हे मराठीतही छापावे, असा आग्रह आपण धरावा. दुसरे, चारही जातींच्या पानांची, फुलांची, बोंडांची चित्रे आपल्या शेतीच्या पानावर एकदा मोठी छापावीत. शहापूर-वडगावच्या मागांवर आणि हुदलीच्या खादीत ज्या कापसाचे सूत चालावे असे आपण म्हणतो, तो ओळखता येणे हे पहिले काम. जयधर फुलावर येण्याआधी ती चित्रे आली तर बरे. पहिली फेरी मारायची आणि निवडीच्या झाडांना चिंधी बांधायची वेळ तीच असते.

आपला,
कापूस पैदाशीचा एक अभ्यासक
शहापूर, बेळगाव